विश्वचषकाचें आमंत्रण कोणास येतें?

जुन्नर आणि आंबेगांव हे तालुके फुटबॉलसाठीं प्रसिद्ध आहेत असें कोणी म्हणूं लागला, तर आमच्या भागांतील माणूस प्रथम हंसेल. इकडे कबड्डी आहे, कुस्ती आहे, आणि यात्रेच्या दिवसांत घाटावर धांवणारे बैलगाडे आहेत. पायानें चेंडू मारण्याचा खेळ शाळेच्या आवाराबाहेर फारसा आलेला नाहीं. तथापि गेल्या दिवाळींत जुन्नरच्या आमच्या घरीं फराळाच्या ताटांभोंवतीं जो वाद रंगला तो फुटबॉलचाच होता, व त्यास कारण झाली घोडेगांवीं दिलेल्या आमच्या धाकट्या बहिणीची नात.

या मुलीस तेव्हां तेरावें वर्ष चालू होतें. तिच्या शाळेच्या मुलींचा संघ तालुक्याच्या सामन्यास उतरावयाचा होता. ठरल्या दिवशीं हा संघ मैदानावर हजर झाला, परंतु समोरच्या शाळेच्या मुली आल्याच नाहींत. त्या पश्चिमेकडच्या डोंगरी भागांतून यावयाच्या होत्या व त्यांची गाडी वाटेंतच बंद पडली होती, हें मागाहून कळलें. पंचांनीं कांहीं वेळ वाट पाहिली, शिट्टी वाजविली आणि हिच्या संघास 'पुढें चाल' दिली. त्या चालीवर हा संघ जिल्ह्याच्या स्पर्धेस गेला, आणि पहिल्याच सामन्यांत चार गोलांनीं हरून परत आला. गोष्ट एवढीच. परंतु आमच्या घरांत दिवाळीस बारा भावंडें जमलेलीं. त्यांना एवढें पुष्कळ झालें. "न खेळतां जिंकलेल्या बाईसाहेब" हें नांव तिला पहिल्या आंघोळीच्या दिवशींच पडलें. पोरीनें दोन दिवस सोसलें. तिसऱ्या दिवशीं दुपारीं ती माझ्या खोलींत आली आणि म्हणाली, "मामाआजोबा, न खेळतां पुढें जाणें ही लबाडी आहे का? आणि आपला भारत कधीं असा पुढें गेला आहे का?"

मी स्वतः पुण्यास कॉलेजांत असतां दोन वर्षें फुटबॉल खेळलेला, आणि पुढें आयुष्यभर नुसता पाहिलेला माणूस. दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर मला ठाऊक होतें, तें मीं तत्काल दिलें: होय, गेला आहे. पहिल्याचें उत्तर मात्र इतकें सोपें नव्हतें. त्यासाठीं रात्रीं ओसरीवर सगळ्यांना बसवून विश्वचषकाची सारी हकीकतच सांगावी लागली.

आमच्या वहिनींना खेळाचें गम्य नाहीं, म्हणून आरंभ पंगतीच्या दाखल्यानें केला. पंगतींत माणूस तीन वाटांनीं बसतो. एक, कार्य आपल्याच घरचें म्हणून. दुसरी, आपली योग्यता पाहून बोलावणें आलें म्हणून. आणि तिसरी, ज्यांना बोलावलें ते आले नाहींत व पानें तर मांडलेलीं आहेत म्हणून. जगाच्या फुटबॉलच्या पंगतींतहि याच तीन वाटा आहेत, आणि भारत तिन्ही वाटांनीं केव्हां ना केव्हां दारापर्यंत गेलेला आहे. यावर वहिनींनीं विचारलें, "आणि भावजी, पान मांडलेलें असतांहि जे घरींच बसतात त्यांची वाट कोणती?" खेळाचें गम्य नसलेल्या माणसानें सन १९५० च्या प्रकरणाचें वर्म असें नेमकें पकडलें!

पात्रतेचा प्रश्न आरंभीं नव्हताच. सन १९०४ मध्यें पॅरिस येथें स्थापन झालेल्या 'फिफा' या संघटनेनें १९३० सालीं उरुग्वे देशांत पहिली विश्वचषक स्पर्धा भरविली, तेव्हां निमंत्रणें गेलीं आणि तेरा राष्ट्रें आलीं. समुद्रप्रवास लांबचा, म्हणून युरोपांतून चारच संघ बोटींत बसले. चार वर्षांनीं इटलीनें स्पर्धा भरविली, तेव्हां मात्र येऊं इच्छिणारांची संख्या जागांहून अधिक झाली व आधीं चाळणी लावणें भाग पडलें. गंमत अशी कीं, त्या वर्षीं खुद्द यजमान इटलीलाहि ग्रीसशीं सामना खेळून स्वतःच्याच घरांत प्रवेश मिळवावा लागला. यजमानास आपोआप जागा देण्याची रीति त्यानंतरची आहे. आतां फिफाचे सभासद २११ आहेत. जगाचे सहा विभाग करून प्रत्येक विभागास ठराविक जागा वांटून दिलेल्या असतात, व त्या कोणीं मिळवावयाच्या याचा निकाल त्या त्या विभागांत दोन-तीन वर्षें चाललेल्या सामन्यांनीं लागतो. मुख्य स्पर्धा महिनाभराची. तिच्या दारांत उभें राहण्याची खटपट त्याहून कितीतरी लांबलचक.

सन १९५० ची स्पर्धा ब्राझीलमध्यें व्हावयाची होती. आशियांतील पात्रतेसाठीं भारत, ब्रह्मदेश, इंडोनेशिया व फिलिपाइन्स हीं राष्ट्रें होतीं. एकामागून एक बाकीच्या तिघांनीं माघार घेतली, आणि भारत एकदांहि चेंडूस पाय न लावतां विश्वचषकास पात्र झाला. इटली, स्वीडन आणि पॅराग्वे यांच्या गटांत आपलें नांवहि पडलें. आणि आपण गेलों नाहीं! आपली जागा रिकामी राहिली व त्या गटांत तीनच संघ खेळले.

न जाण्याचें कारण म्हणून जी कथा आपण लहानपणापासून ऐकत आलों ती अशी कीं, आपल्या खेळाडूंना अनवाणी खेळावयाचें होतें आणि फिफानें तें नाकारलें. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्यें आपले बहुतेक गडी खरोखरीच बुटांवांचून खेळले होते, व फ्रान्ससारख्या संघाशीं २-१ इतक्या थोड्या फरकानें हरले होते. तोहि दोन पेनल्टी वायां घालवून. त्यामुळें ही कथा लोकांना फार गोड वाटते. परंतु त्या लंडनच्या संघांतील, पुढें भारताचे कर्णधार झालेले शैलेन मन्ना यांनीं उतारवयांत जें सांगितलें तें अधिक पटण्यासारखें आहे: विश्वचषक म्हणजे काय याची तेव्हां कोणास कल्पनाच नव्हती, आमच्या लेखीं ऑलिंपिक हेंच सर्व कांहीं होतें. लांबचा प्रवास, सरावास अपुरा वेळ वगैरे कारणें सांगितलीं जातात, तींहि खरीं असतील; पण ज्या पंगतीची महती ठाऊक असते तिला माणूस उपाशीतापाशीहि जातो. असो. त्यानंतर भारताचा पुरुषसंघ विश्वचषकाच्या मुख्य स्पर्धेंत आजवर पोंचलेला नाहीं.

हें ऐकून पोरीचें तोंड अधिकच उतरलें, तेव्हां तिला दुसरी हकीकत सांगितली. सन १९५६ मध्यें मेलबर्नच्या ऑलिंपिकांत पहिल्या फेरींत हंगेरीनें माघार घेतली आणि भारतास पुढें चाल मिळाली. म्हणजे घोडेगांवीं झालें तेंच. पुढचा सामना यजमान ऑस्ट्रेलियाशीं होता. त्यांत मुंबईस खेळणाऱ्या नेव्हिल डिसूझा या गोमंतकीय गड्यानें एकट्यानें तीन गोल केले, भारतानें ४-२ असा विजय मिळविला, आणि अखेरीस त्या स्पर्धेंत चौथा क्रमांक पटकावला. त्या चौथ्या क्रमांकास कोणी फुकटचा म्हणत नाहीं. माझें मत असें कीं, पुढें चाल ही लबाडीहि नव्हे आणि विजयहि नव्हे. ती उसनवारी आहे, आणि तिची फेड पुढच्या सामन्यांत व्हावयाची असते.

येथें नारायणगांवीं शेती पाहणाऱ्या माझ्या पुतण्यानें मध्येंच एक मुद्दा काढला, तो मला फार आवडला. तो म्हणाला, "काका, आपल्या घाटांत हा घोळच नाहीं." आमच्याकडील बैलगाड्यांच्या शर्यतींत गाडे जोडीनें सोडीत नाहींत. प्रत्येक गाडा आपल्या बारीला एकटाच धांवतो, पुढें घोडी, आणि निशाणापर्यंतची धांव सेकंदांवर मोजतात. प्रतिस्पर्धी म्हणजे घड्याळ, आणि घड्याळ कधीं गैरहजर राहत नाहीं. फुटबॉलमध्यें तसें नाहीं. समोरचा आला तरच आपली परीक्षा होते.

आतां योग्यतेच्या वाटेनें जाणें किती बिकट तें पाहावें. २०२६ च्या पुरुषांच्या विश्वचषकापासून एकंदर जागा ३२ वरून ४८ झाल्या व आशियाच्या वांट्यास थेट आठ आल्या. त्या आठांसाठीं आशियांतील ४६ राष्ट्रें उतरलीं. तळाच्या २० राष्ट्रांची आधीं आपसांत झुंज. त्यांतून निघालेले दहा व वरचे २६ मिळून ३६ संघ, चार-चारांचे नऊ गट. गटांत प्रत्येकाशीं दोन सामने, एक आपल्या घरीं व एक त्याच्या घरीं. विजयास तीन गुण, बरोबरीस एक. गटांतील पहिले दोन पुढें जावयाचे, आणि तेथून पुढेंहि आणखी फेऱ्या आहेतच.

भारत कतार, कुवेत व अफगाणिस्तान यांच्या गटांत होता. नोव्हेंबर २०२३ मध्यें आपण कुवेतला त्यांच्याच घरीं १-० असें हरविलें, आणि आम्ही म्हातारे उगीचच आशावंत झालों. नंतर भुवनेश्वरास कतारकडून हार, अफगाणिस्तानशीं गोलशून्य बरोबरी, आणि गुवाहाटीस त्याच अफगाणिस्तानकडून २-१ असा पराभव. ६ जून २०२४ रोजीं कलकत्त्यास सुनील छेत्रीच्या निरोपाचा म्हणून गाजलेला कुवेतविरुद्धचा सामना, तोहि गोलशून्य. शेवटीं ११ जूनला दोहा येथें कतारशीं गांठ पडली. छांगटेनें गोल केला, भारत १-० असा पुढें होता, आणि तसाच सामना संपता तर आपण पुढच्या फेरींत होतों. ७३ व्या मिनिटास चेंडू गोलरेषेबाहेर गेलेला स्पष्ट दिसत असतां कतारच्या गड्यानें तो आंत ओढून गोल केला, आणि पंचांनीं तो मान्य केला. पुढें आणखी एक गोल होऊन भारत २-१ असा हरला. त्या पंचांवर देशभर जो राग निघाला तो मीहि काढला. तथापि रात्रीं कागदावर बेरीज मांडून पाहिली, तेव्हां सहा सामन्यांत आपले गोल अवघे तीन व गुण पांच निघाले. त्याच दिवशीं कुवेतनें अफगाणिस्तानला हरवून सात गुण केले होते. तेव्हां दोह्यांत नुसती बरोबरी होऊनहि भागलें नसतें. पंच चुकला हें खरें. पण गुवाहाटीस कोणता पंच चुकला होता?

यजमानपणाच्या वाटेविषयीं थोडक्यांत सांगतों. २०१७ सालीं सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतांत झाला, आपला संघ यजमान म्हणून आपोआप आंत गेला, कोल्हापूरचा अनिकेत जाधव त्यांत होता, आणि आपण तिन्ही सामने हरलों. २०२२ च्या ऑक्टोबरमध्यें त्याच वयाच्या मुलींचा विश्वचषक झाला, तेथेंहि तसेंच. अमेरिकेकडून तर ०-८. मुलांमुलींस दोष देण्याचें कारण नाहीं. घरच्या कार्यांत पान मिळालें म्हणून बरोबरीनें जेवतां येतेंच असें नाहीं.

पण या वाटेवरची सर्वांत चटका लावणारी गोष्ट त्याच वर्षाच्या जानेवारींत घडली, आणि तिचा शेवट आमच्याच पुणें जिल्ह्यांत झाला. महिलांचा आशियाई चषक नवी मुंबई, मुंबई व पुणें येथें होता. बारा संघ होते, आणि ही स्पर्धा म्हणजेच २०२३ च्या महिला विश्वचषकाची आशियांतील पात्रताफेरी होती. भारत यजमान म्हणून आंत होता. परंतु विश्वचषकाची जागा यजमानासहि फुकट नव्हती, ती खेळूनच मिळवावयाची होती. मुली वर्षभर तयारी करून उतरल्या. २० जानेवारीस इराणशीं गोलशून्य बरोबरी झाली. २३ तारखेस चिनी तैपेईशीं सामना, आणि तोंवर करोनाच्या साथीनें संघाच्या मुक्कामांतच प्रवेश केला होता. नियमाप्रमाणें किमान तेरा खेळाडू उभे करावयाचे. तेवढेहि धड राहिले नाहींत. सामना झाला नाहीं, नियमान्वयें भारतानें स्पर्धेंतून माघार घेतली असें धरण्यांत आलें, आणि इराणशीं खेळलेला सामनाहि रद्दबातल झाला. कार्य आपल्या घरचें, पाहुणे दारांत, आणि घरचींच माणसें अंथरुणास खिळलेलीं!

स्पर्धा मात्र चालूच राहिली. ३० जानेवारीस, रविवारीं, बालेवाडीच्या श्री शिवछत्रपति क्रीडासंकुलांत फिलिपाइन्स व चिनी तैपेई यांचा उपउपांत्य सामना होता. ज्यांचा जन्म आमच्या शिवनेरीवर झाला त्यांच्या नांवाचें हें मैदान. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठीं बांधलेलें. साथीचे दिवस असल्यामुळें आम्ही सामना पडद्यावरच पाहिला. शाळा बंद होत्या, म्हणून ही नातहि तेव्हां आमच्याकडेच होती, आठ-नऊ वर्षांची. नियम असा होता कीं, उपांत्य फेरींत जाणारे चारहि संघ सरळ विश्वचषकास पात्र. फिलिपाइन्सच्या मुलींनीं त्यापूर्वीं विश्वचषक पाहिलेला नव्हता. त्यांच्या पुरुषांनींहि नाहीं. उत्तरार्धाच्या आरंभीं क्विन्ली केसाडानें गोल केला. शेवटची दहा मिनिटें उरलीं असतां तैपेईनें बरोबरी साधली. अखेर बरोबरी सुटेना, तेव्हां पेनल्टींवर निकाल लावणें आलें. फिलिपाइन्सची गोलरक्षक ऑलिव्हिया मॅकडॅनिएल हिनें दोन फटके अडविले, इतकेंच नव्हे तर स्वतः पुढें येऊन एक फटका जाळ्यांत मारला. शेवटचा निर्णायक फटका सरीना बोल्डन हिचा. ४-३. मुली मैदानावर लोळूं लागल्या, रडूं लागल्या, आणि ओसरीवर आमच्या वहिनींनींहि पदर डोळ्यांस लावला. कोणासाठीं, तें त्यांना धड ठाऊक नव्हतें.

माझ्या मनांत त्या वेळीं १९५० साल आलें. तेव्हां माघार घेऊन भारतास पुढें चाल देणाऱ्या राष्ट्रांपैकीं फिलिपाइन्स हें एक होतें. बहात्तर वर्षांनीं, आपल्याच मैदानावर, माघार आपल्या नशिबीं आली आणि खेळून जागा मिळविली ती त्यांनीं. ते पुढें गेले आणि नुसते पानावर बसून आले नाहींत: २५ जुलै २०२३ रोजीं वेलिंग्टन येथें त्यांनीं यजमान न्यूझीलंडला १-० असें हरविलें, गोल त्याच बोल्डनचा. बालेवाडीसच त्या रविवारीं ऑस्ट्रेलिया दक्षिण कोरियाकडून हरली. पण विश्वचषकाची एक यजमान म्हणून तिची जागा पक्की होती. उरलेल्या तीन पराभूत संघांत एका थेट जागेसाठीं पुन्हां सामने झाले, आणि त्यांतून व्हिएतनाम प्रथमच विश्वचषकास गेला. अशा तऱ्हेनें दोन राष्ट्रांचें विश्वचषकाचें पहिलें आमंत्रण महाराष्ट्राच्या भूमीवरून गेलें.

"आणि आपल्या मुली?" पोरीनें विचारलें. ही हकीकत ताजी होती, व ती सांगतांना मला अधिक सुख झालें. २०२६ च्या महिला आशियाई चषकाचे पात्रता सामने २०२५ च्या जून-जुलैंत थायलंडमध्यें चिआंग माय येथें झाले. या वेळीं यजमानपण नाहीं, कोणाची माघार नाहीं; पांच संघांचा गट आणि पुढें जावयाचा तो फक्त पहिला. भारतानें मंगोलियास १३-०, पूर्व तिमोरला ४-० आणि इराकला ५-० असें हरविलें. थायलंडनेंहि त्याच तिघांना हरविलें. आतां हिशेब पाहा: दोघांचे गुण नऊ, दोघांचे गोल बावीस, दोघांवर झालेला गोल एकहि नाहीं. तराजूची दांडी अगदीं सरळ. ५ जुलैस शेवटची गांठ, तीहि थायलंडच्या घरीं; जागतिक क्रमवारींत थायलंड ४६ वा, भारत ७० वा.

बंगालच्या संगीता बासफोर हिनें पूर्वार्धांत दुरून मारलेला फटका जाळ्यांत गेला. उत्तरार्ध सुरू होतांच थायलंडनें बरोबरी केली. ७४ व्या मिनिटास पुन्हां संगीतानेंच डोक्यानें गोल केला, आणि २-१ अशा त्या निकालानें भारताच्या मुली पात्रतेचे सामने खेळून, जिंकून, प्रथमच आशियाई चषकांत गेल्या. ही वाट थेट विश्वचषकाची नव्हे, त्याच्या अलीकडच्या दाराची आहे. पण या दाराची कडी त्यांनीं स्वतः काढली.

ओसरीवर थोडा वेळ कोणीच बोललें नाहीं. मग बारांपैकीं एकानें, बहुधा नांव ठेवणाऱ्यांच्या म्होरक्यानेंच, विचारलें कीं बरोबरी झाली असती तर काय? तर पेनल्टी, असें मीं सांगितलें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं मागील अंगणांत विहिरीच्या काठाला दोन विटा मांडलेल्या दिसल्या, आणि त्यांच्या मध्यें ही पोरगी उभी. बाराहि जण पाळीपाळीनें फटके मारीत होते. बालेवाडीच्या सामन्यापैकीं तिच्या ध्यानांत एवढेंच राहिलें होतें कीं, "त्या गोलरक्षक बाईंनीं स्वतःच गोल मारला होता." तिची पाळी आली तेव्हां चेंडू विहिरींत गेला व तो काढण्यांत माझी दुपार गेली.

तालुक्याचे सामने आतां पुन्हां तोंडावर आले आहेत. चिठ्ठ्या निघाल्या, आणि हिच्या शाळेची पहिली गांठ त्याच डोंगराकडच्या शाळेशीं पडली आहे. परवां फोनवर वहिनींनीं तिला विचारलें, "देवापाशीं काय मागूं ग तुझ्यासाठीं?" ती म्हणाली, "एवढेंच मागा, आजी, कीं या वेळीं त्यांची गाडी वेळेवर यावी."